नववीच्या वर्गातील लक्षणांचे सर्वेक्षण आणि त्यातून खरोखर शिकण्यासारखे काय

इयत्ता नववीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा पाठ सुरू झाला की बहुतेक शाळांत एक उपक्रम हमखास घेतला जातो. फळ्यावर तक्ता आखायचा, मुलांनी एकमेकांच्या कानाच्या पाळ्या पाहायच्या, जिभेची पन्हळ करून दाखवायची, गालावर खळी पडते का, अंगठा मागे वळतो का हे तपासायचे, हात वर करून मोजणी करायची आणि शेवटी शिक्षकांनी प्रत्येक लक्षणापुढे ‘प्रभावी’ (जनुकाच्या जोडीतील एकाच रूपामुळे दिसणारे) किंवा ‘अप्रभावी’ (दोन्ही रूपे तीच असतील तरच दिसणारे) असे लिहायचे. मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि हा उपक्रम मला मनापासून आवडतो. एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुलेही या तासाला पुढे सरसावतात, कारण प्रयोगाचे साहित्य म्हणजे ती स्वतःच असतात. माझा आक्षेप केवळ शेवटच्या पायरीला आहे. वर्गात हात वर करून जी संख्या मिळते, तिच्यावरून एखादे लक्षण प्रभावी आहे की अप्रभावी हे ठरवता येत नाही. इतकेच नव्हे, तर ते एकाच जनुकामुळे येते की नाही हेसुद्धा कळत नाही. ही पायरी गाळली तर हे सर्वेक्षण नववीच्या वर्षातला सर्वांत चांगला विज्ञानाचा तास ठरू शकते, असे माझे मत आहे.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने काय केले होते ते आधी आठवून पाहावे. वाटाण्याची जी रोपे पिढ्यानपिढ्या एकच लक्षण दाखवतात, अशी शुद्ध वाणे त्याने आधी निवडली, त्यांचा संकर केला, पहिली पिढी पाहिली, तिच्यात स्वपरागण होऊ दिले आणि मगच दुसऱ्या पिढीतील दाणे मोजले. गोल दाणे ५४७४ आणि सुरकुतलेले १८५० निघाले. हे आकडे बोलके ठरले ते त्यांच्यामागे कोणाचा संकर कोणाशी झाला याची काटेकोर नोंद होती म्हणून. आपल्या वर्गात एकाच पिढीतील, एकमेकांशी नाते नसलेली मुले बसलेली असतात. त्यांच्यात मोकळ्या पाळीची मुले जास्त आणि चिकटलेल्या पाळीची कमी निघाली, तर त्यावरून एवढेच कळते की या वर्गात मोकळ्या पाळीची मुले जास्त आहेत. आजी-आजोबा, आई-वडील आणि भावंडे यांची नोंद नसताना वारशाचा नियम त्या संख्येतून निघू शकत नाही.

जिभेच्या पन्हळीचा इतिहास मी वर्गात सविस्तर सांगते, कारण विज्ञान स्वतःची चूक कशी दुरुस्त करते हे दाखवणारे इतके सोपे उदाहरण शालेय अभ्यासक्रमात क्वचितच सापडते. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हे मोठे आनुवंशशास्त्रज्ञ होते. फळमाशीच्या गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा त्यांनी विद्यार्थिदशेतच तयार केला होता आणि तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनीच १९४० मध्ये असे मांडले की जिभेच्या कडा वर वळवून पन्हळ करता येणे हे आनुवंशिक लक्षण असून ते प्रभावी असावे. पन्हळ न करता येणाऱ्या आई-वडिलांची काही मुले ती करू शकतात, हे त्यांच्याच माहितीत दिसत होते, तरीही ही कल्पना लोकप्रिय झाली. पुढे १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी एकयुग्मजी जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. अशा जुळ्यांची जनुके सारखीच असतात, म्हणून जीभ वळवणे एकाच जनुकावर ठरत असेल तर प्रत्येक जोडीतील दोघांचे उत्तर सारखे यायला हवे होते. ३३ पैकी ७ जोड्यांत एकाला पन्हळ करता येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. स्टर्टेव्हंट यांनी ही माहिती मान्य केली आणि १९६५ मध्ये लिहिलेल्या आनुवंशशास्त्राच्या इतिहासात, आपली जुनी समजूत अजूनही सिद्ध झालेला नियम म्हणून छापली जाते याबद्दल संकोच वाटतो, असे स्पष्टपणे नमूद केले. त्यानंतर इतकी दशके लोटली, तरी जगभरातील शालेय तक्त्यांत जीभ पहिल्या ओळीत आहेच.

वर्गातही हे जवळून पाहायला मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीला सर्वेक्षणाच्या दिवशी जिभेच्या कडा अजिबात उचलता येत नव्हत्या. घरी तिने आरशासमोर उभे राहून, सुरुवातीला दोन्ही कडांना बोटांनी आधार देत, नंतर बोटे हळूहळू काढून घेत सराव केला आणि पुढच्या आठवड्यात ती सगळ्यांसमोर व्यवस्थित पन्हळ करून दाखवू लागली. तक्त्यात तिचे नाव ‘येत नाही’ या रकान्यात होते. ते आता खोडायचे की तसेच ठेवायचे, यावर मुलांनी जी चर्चा केली ती मला कोणत्याही स्वाध्यायापेक्षा मोलाची वाटली. एकाने विचारले, सरावाने बदलते ते आनुवंशिक कसे? दुसऱ्याने उत्तर दिले की सराव करूनही काहींना जमत नाही, म्हणजे थोडे काहीतरी जन्मतः असलेच पाहिजे. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. जनुकांचा काही वाटा असू शकतो, पण ‘एक जनुक, दोन रूपे, दोन रकाने’ हा हिशेब येथे लागू पडत नाही, एवढे त्या चर्चेतून मुलांना स्वतःहून उमगले. एका मुलाची फक्त डावी कड वर येत होती. त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे हे कोणालाच सांगता आले नाही.

कानाच्या पाळीबाबत मी तक्ता मुळात आखतच नाही. मुलांना व्हरांड्यात एका ओळीत उभे करते आणि सांगते की ज्याची पाळी गालाला सर्वांत जास्त चिकटलेली आहे त्याने एका टोकाला, जिची पाळी सर्वांत मोकळी लोंबते तिने दुसऱ्या टोकाला उभे राहायचे आणि बाकीच्यांनी शेजाऱ्याशी तुलना करून आपापली जागा शोधायची. दोन्ही टोके झटकन ठरतात; सगळी रेटारेटी मधल्या भागात होते. कोणाची पाळी तिरकी उतरत जाऊन किंचित सुटते, कोणाची गोल आहे पण खालून जुळलेली आहे, कोणाचा डावा कान मोकळा आणि उजवा जवळजवळ चिकटलेला. मुलींच्या कानांत डूल असल्याने पाळी किती ओढली गेली आहे याचाही विचार करावा लागतो. ओळ पूर्ण झाली की मी खडू घेऊन जमिनीवर रेघ मारायला सांगते: या रेघेच्या अलीकडे ‘चिकटलेली’, पलीकडे ‘मोकळी’. प्रत्येक जण वेगळ्या जागी रेघ मारतो. पाळीची ठेवण सलग बदलत जाते आणि दोन रकान्यांची वाटणी आपण केलेली असते, हे समजायला याहून अधिक काही लागत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ७४ हजार लोकांची माहिती तपासण्यात आली आणि पाळीच्या ठेवणीशी संबंधित अशी ४९ ठिकाणे जनुकसंचात आढळली. पाळीची ठेवण आनुवंशिक आहेच, पण ती एका जनुकाची करामत नाही.

मोजणीमुळे आणखी एक गैरसमज रुजतो आणि तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही दिसतो: जे जास्त मुलांत आढळते ते प्रभावी आणि जे थोड्यांत आढळते ते अप्रभावी. हा गैरसमज शंभराहून अधिक वर्षे जुना आहे आणि एकेकाळी भल्याभल्या विद्वानांनाही त्याने घोळात टाकले होते. बोटे आखूड असण्याची एक स्थिती माणसात प्रभावी असल्याचे १९०५ च्या सुमारास लक्षात आले, तेव्हा उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञांनी शंका काढली की तसे असेल तर कालांतराने समाजात चारातील तीन माणसे आखूड बोटांची दिसायला हवीत. आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी हा प्रश्न केंब्रिजमधील गणितज्ञ हार्डी यांच्यापुढे ठेवला आणि हार्डी यांनी १९०८ मध्ये एका छोट्या पत्रातून, नववी-दहावीच्या मुलांनाही कळेल अशा बीजगणिताने, दाखवून दिले की लक्षण प्रभावी असल्यामुळे त्याचे प्रमाण आपोआप वाढत नाही. जनुकाचे एखादे रूप समाजात दुर्मीळ असेल तर ते दुर्मीळच राहते. रामानुजन यांच्यामुळे हार्डी हे नाव आपल्याकडे परिचित आहे. तेच हे हार्डी, हे सांगितले की मुले कान टवकारतात. काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत येणारे हाताचे सहावे बोट प्रभावी असूनही विरळा आढळते, आणि ओ हा रक्तगट अप्रभावी असूनही आपल्याकडे भरपूर आढळतो. ही दोन उदाहरणे शेजारीशेजारी ठेवली की गैरसमज बहुतेक वेळा दूर होतो.

रक्तगटाचा विषय निघालाच आहे तर सांगते, एका जनुकाचे माणसातील उदाहरण द्यायचेच असेल तर माझ्या दृष्टीने ते हेच आहे. मुलांच्या गळ्यातील ओळखपत्रावर रक्तगट छापलेला असतो, त्यामुळे सुई न टोचता माहिती मिळते. (ती पालकांनी अर्जात भरून दिलेली असते आणि प्रत्येक वेळी तपासून भरलेली असतेच असे नाही, हेही मी मुलांच्या कानावर घालते, माहिती कोठून आली हे विचारण्याची सवय लागायला हवी.) कार्ल लँडस्टाइनर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला व्हिएन्नामध्ये हे गट ओळखले आणि बर्नस्टाइन यांनी १९२४ मध्ये ते एकाच जनुकाच्या तीन रूपांनी ठरतात हे संख्यांच्या आधारे दाखवले. ए आणि बी ही दोन रूपे एकत्र आली की दोन्ही व्यक्त होतात, म्हणजे प्रभावी-अप्रभावीची चौकट येथेही अपुरी पडते. शिवाय ‘बाँबे रक्तगट’ आहेच. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत त्याचे वर्णन केले. ज्या एच नावाच्या पायाभूत पदार्थावर ए आणि बी उभे राहतात तोच या व्यक्तींच्या रक्तपेशींवर नसतो, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत त्यांचा रक्तगट ओ दिसतो, जनुक मात्र ए किंवा बी असू शकते. अशा आईचा अहवाल ‘ओ’ सांगत असला आणि वडीलही ओ असले, तरी तिच्या मुलाचा रक्तगट बी निघू शकतो. इतका भरवशाचा नियमसुद्धा दुसऱ्या एका जनुकाच्या आधाराने उभा आहे, हे आपल्याच राज्यातील उदाहरणावरून मुलांना कळते.

पीटीसी नावाचे रसायन लावलेल्या कागदाची चव घेण्याचा प्रयोग मी शक्य झाले तरच घेते. आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत १९३१ मध्ये या रसायनाची पूड उडाली आणि सहकाऱ्याला ती कडू लागली, त्यांना स्वतःला मात्र काहीच चव लागली नाही, येथून हा शोध सुरू झाला. २००३ मध्ये त्यामागचे मुख्य जनुक सातव्या गुणसूत्रावर सापडले. कडू चव ओळखणारी अशी सुमारे २५ जनुके माणसात आहेत, म्हणून कारले आवडणे किंवा न आवडणे याचा या कागदाशी संबंध जोडू नये, एवढे सांगून मी पुढे जाते.

डोळ्यांच्या रंगापाशी मात्र थांबावे लागते. पुस्तकांत निळे आणि तपकिरी डोळे असतात. पुण्याच्या वर्गात काळसर, तपकिरी आणि एखाद-दुसरे घारे. घाऱ्या डोळ्यांचा विद्यार्थी पुढे आला की कोणीतरी त्याचे आडनाव उच्चारते आणि आडनावामागोमाग जात येते. या शहरात हे इतक्या सहज घडते की शिक्षकाने त्याची तयारी आधीच ठेवलेली असावी. त्या क्षणी विषय बदलून पुढे जाणे मला पटत नाही. डोळ्यांचा रंग बुबुळातील मेलॅनिन या रंगद्रव्याच्या प्रमाणावर ठरतो. पंधराव्या गुणसूत्रावरील दोन शेजारी जनुकांचा त्यात मोठा वाटा आहे आणि इतर अनेकांचा लहान वाटा आहे. घाऱ्या डोळ्यांचे हे रूप कोणत्याही एका समाजाच्या मालकीचे नाही, ते काश्मीरपासून कोकणापर्यंत आणि त्यापलीकडेही आढळते, आणि त्यावरून माणसाच्या बुद्धीबद्दल किंवा गुणांबद्दल तसूभरही काही कळत नाही. हे मी स्पष्ट शब्दांत सांगते.

माणसांची मापे घेऊन त्यांची प्रतवारी लावण्याचे काम शास्त्राच्या नावाखाली प्रत्यक्षात झालेले आहे, हेही नववीच्या मुलांना कळायला हवे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड मांडण्याचा प्रयत्न केला होता. याच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण आमच्या शहराचेच आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचारांचे होते आणि पुढे नाझी धोरणांना त्यांच्या मांडणीचा आधार मिळाला. युरोपीय आणि इतर लोकांच्या कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील विषमतेत वंशानुसार फरक आहे का, हे तपासण्याचे काम कर्वे यांच्याकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या आणि असा फरक आढळत नाही, हाच निष्कर्ष मार्गदर्शकांची मते ठाऊक असूनही प्रबंधात मांडला. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी महाराष्ट्रातील अनेक समाजगटांची मापे घेतली आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये, समान दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ अंतर्विवाही (आपापल्या गटातच लग्ने करणाऱ्या) गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. त्या पद्धतीच्या मर्यादा आज आपल्याला दिसतात. तरीही हाती आलेली मापे आपल्या अपेक्षेविरुद्ध किंवा वरिष्ठांच्या मताविरुद्ध गेली तरी जशीच्या तशी लिहायची, हे मला सर्वेक्षणाच्या वहीच्या पहिल्याच पानावर शिकवावेसे वाटते, आणि त्यासाठी येरवड्याच्या वाटेवरील त्या संस्थेतील एका बाईंचे नाव घेता येते याचा मला अभिमान आहे.

आता गृहपाठाविषयी. ‘घरी जाऊन आई-वडिलांची लक्षणे पाहून या आणि कोणते लक्षण कोणाकडून आले ते लिहा’ हा गृहपाठ अनेक ठिकाणी दिला जातो आणि तो देऊ नये असे माझे ठाम मत आहे. वर्गात दत्तक घेतलेले मूल असू शकते आणि त्याला ते ठाऊक असेलच असे नाही. कोणी आजीकडे राहते, कोणी वसतिगृहात, कोणाचे वडील नाहीत. त्याखेरीज, दोन्ही पालकांच्या पाळ्या चिकटलेल्या असताना मुलाची मोकळी निघणे किंवा दोघांनाही जीभ वळवता येत नसताना मुलाला येणे, या गोष्टी प्रत्यक्षात घडतात; चुकीचा नियम शिकलेले चौदा वर्षांचे मूल मात्र त्यावरून आपल्याच घराविषयी भलता निष्कर्ष काढेल. शास्त्रीय आधार नसलेल्या तक्त्यामुळे एखाद्या घरात संशयाचे बी पडावे, इतकी किंमत कोणत्याही उपक्रमासाठी मोजण्याजोगी नाही. पिढ्यांमधील वारसा शिकवण्यासाठी मी गुलबक्षीचा आधार घेते. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या शुद्ध वाणांच्या संकरातून गुलाबी फुलांची पिढी येते आणि तिच्या पुढच्या पिढीत तिन्ही रंग परततात; मिरीच्या दाण्यासारखे तिचे काळे बी मुलांनी अंगणात पाहिलेले असते, त्यामुळे आकृती फळ्यावर काढली तरी ती पोरकी वाटत नाही.

उरतो तो सर्वेक्षणाचा मला सर्वांत समृद्ध वाटणारा भाग, म्हणजे उंची आणि हाताची वीत. उंचीला रकाने पाडण्याचा मोह कोणालाच होत नाही, तरीही ती आनुवंशिक आहे हे प्रत्येकाला अनुभवाने माहीत असते. पाळीच्या ओळीनंतर हे उदाहरण घेतले की मुलांना जोड चटकन लागते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि त्यांची मोठी झालेली मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा स्त्रियांच्या उंचीला १.०८ ने गुणून त्यांनी ती पुरुषांच्या उंचीशी तुलनीय केली होती. फार उंच पालकांची मुले सरासरीपेक्षा उंच, पण पालकांपेक्षा सरासरीच्या जवळ असतात, हे त्यातून पुढे आले. (याच गाल्टन यांनी माणसांची पैदास सुधारण्याच्या घातक विचाराला नाव आणि प्रतिष्ठा मिळवून दिली, हेही मी लपवत नाही.) २०२२ मधील एका अभ्यासात सुमारे ५४ लाख लोकांची माहिती एकत्र करून उंचीशी संबंधित बारा हजारांहून अधिक फरक जनुकसंचात नोंदवले गेले. यात आहार, लहानपणातील आजार आणि या वयात मुली मुलांच्या आधी वाढू लागतात ही गोष्ट मिळवली, तर भिंतीवरच्या एका खुणेमागे किती कारणे असतात याची कल्पना येते. आपली उंची कमी म्हणून खट्टू झालेल्या मुलांना पुढच्या दोन-तीन वर्षांत हा आलेख बराच सरकणार आहे, हेही आवर्जून सांगावे.

वितेचे मोजमाप सोपे वाटते, पण त्यातच खरा अभ्यास होतो. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत हात पूर्ण ताणून मोजायचे, एवढी सूचना पुरत नाही. नख धरायचे की नाही, हात बाकावर दाबायचा की पट्टीवर अलगद ठेवायचा, पट्टीच्या कडेपासून मोजायचे की शून्याच्या रेघेपासून, यावर वाद होतात आणि एकाच मुलाची वीत दोघांनी मोजली तर काही मिलिमीटरचा फरक पडतो. तो फरक हातातला नाही, मोजण्यातला आहे, हे ओळखल्याशिवाय मुलामुलांतील फरकाविषयी बोलणे व्यर्थ आहे. म्हणून या वर्षीपासून मी क्रम बदलला आहे. प्रत्येक गटाने आधी आपल्यातील एकाच मुलाची वीत पाच जणांकडून मोजून घ्यायची, त्या पाच मापांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान माप वहीत वर लिहायचे, आणि त्यानंतरच संपूर्ण वर्गाच्या वितांचा स्तंभालेख आलेख कागदावर काढायला घ्यायचा.